बांबूत सापडलेली मुलगी

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आपल्या मुलांच्या ओळखीचं आहे. हे जपानमधलं ओकायामा शहर २९ जून १९४५ला बॉम्बहल्ल्यात जळालं. नऊ वर्षांचा इसाओ ताकाहाता तेव्हा बहिणीसोबत अनवाणी त्या आगीतून पळाला होता. पुढे तो मोठा दिग्दर्शक झाला आणि जपानी साहित्यातल्या गोष्टी त्याने ॲनिमेशनमध्ये आणल्या.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) हा त्याचा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७च्या कथेवरचा. युद्धात भुकेने संपणाऱ्या भावंडांची ही कहाणी लहानग्यांना दाखवू नये, असं आमचं मत आहे. कार्टून म्हटलं की मुलांचंच, हा समज तो दहा मिनिटांत मोडतो.

घरात सगळ्यांनी मिळून पाहावा असा आहे तो ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३). मूळ कथा हजारएक वर्षं जुनी, आपल्या दास्तानांसारखी. गरीब म्हाताऱ्याला बांबूत इवलीशी मुलगी सापडते. मग बांबूतूनच सोनं आणि रेशमी वस्त्रं निघतात. म्हातारा समजतो, पोरीला राजधानीत नेऊन शहजादी करायचं. पोर मात्र डोंगरातल्या सवंगड्यांत खूश असते. पुढे पाच बड्या घरांचे रिश्ते येतात. ती प्रत्येकाला अशक्य वस्तू आणायला सांगते.

एका प्रसंगी, दारू प्यालेले पाहुणे आपल्याबद्दल काय बोलतात ते तिच्या कानावर पडतं आणि ती घरातून धावत सुटते. तोवरची नाजूक, जलरंगी चित्रं एकदम कोळशाने ओढलेल्या रेघोट्या होतात. शब्द एकही नाही, पण सगळं कळतं.

बाप दुष्ट नाही, हीच या गोष्टीतली बोचरी बाब. त्याचं पोरीवर जिवापाड प्रेम आहे, फक्त तो तिला विचारत नाही. आपल्याकडे निकाहाच्या दिवशी वकील आणि साक्षीदार मुलीची इजाजत घ्यायला आत येतात. पण तोवर हॉल ठरलेला असतो, पत्रिका वाटलेल्या असतात, बिर्याणीचे देग चढलेले असतात. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायची हिंमत कुठल्या मुलीत असेल? विचारायचं ते रिश्ता आला त्याच दिवशी, दार लावून, निवांत.

चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. इशानंतर लावलात तर मुलं झोपून जातील. रविवारी दुपारी लावा, आणि अब्बांनाही सोबत बसवा.