गोळीच डोके दुखवते तेव्हा
डोके ठणकले की मेडिकलमधून गोळी आणायची, ही सवय अनेक घरांत असते. पण महिन्यातले १०-१५ दिवस वेदनाशामक गोळ्या घेणे महिनोन्महिने चालले, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल, तर ती जुनाट अर्धशिशी असू शकते. पित्ताला दोष देत बसू नये. दुखण्याची तारीख, तीव्रता आणि घेतलेली गोळी वहीत लिहावी व ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट यांसारखी झटके रोखणारी औषधे रोज घ्यावी लागतात. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. दम्यात पहिले आणि गरोदरपणात दुसरे टाळतात, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.