तबल्याची मेहनत : रोज किती घटका?

सक्करदऱ्यास बुधवारचा बाजार भरतो. गेल्या महिन्यांतील अशाच एका बुधवारीं भाजीची पिशवी घेऊन आम्ही घरीं परतलों, तों छपरींत सर्व मंडळी जमलेली. प्रसंग मोठा नव्हता. आमचा दहा वर्षांचा नातू वर्षभर तबला शिकत आहे. आठवड्यांतून दोनदां शिकवणीस जातो. येत्या परीक्षेस बसावयाचें तर घरीं रोज दोन तास हात चालला पाहिजे, असें त्याच्या शिक्षकांनीं सांगून पाठविलें होतें. सूनबाईंनीं हिशेब मांडला : सकाळची शाळा, संध्याकाळची गणिताची शिकवणी, आणि साडेनऊला मुलाचे डोळे मिटूं लागतात, दोन तास आणावयाचे कोठून? आमच्या कुटुंबाचें म्हणणें, दुपारच्या निजेच्या वेळीं ठोकठोक नको. धाकट्या बंधूंच्या मतें अर्धा तास पुष्कळ झाला. मुलाला कांहीं त्यावर पोट भरावयाचें नाहीं. अखेर सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. चौतीस वर्षें शाळेंत वेळापत्रकें आंखण्यांत गेलीं, तेव्हां हाहि निकाल आम्हींच द्यावा, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

आमचा मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, तेवढा उठून अंगणांत गेला. तो कां उठला हें दोघांनाच ठाऊक होतें, त्याला आणि आम्हांला.

१९९६ सालची गोष्ट. मुलगा तेव्हां अकरा वर्षांचा होता आणि त्याचा हात गोड होता. आम्हीं त्याच्यासाठीं एक वेळापत्रक तयार केलें. पहाटे पांच ते साडेसहा आणि रात्रीं सात ते साडेआठ, असे तीन तास. कोनाड्यांत घड्याळ ठेवलेलें. आम्ही शेजारच्या खोलींत मुलांच्या वह्या तपाशीत बसत असूं. कान तबल्याकडे असे, पण तो आवाज थांबला कीं काय एवढेंच पाहण्यासाठीं. काय वाजत आहे हें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. मुलगाहि घड्याळाच्या कांट्याकडे पाहून वाजवी. वेळ लौकर सरावा म्हणून तो एकच कायदा भरधाव लयींत घोळीत बसे, आणि त्या धांवपळींत 'तिरकिट' मधलीं अक्षरें एकमेकांत मिसळून जात. दोन वर्षांनीं शिक्षकांनीं त्याचा हात निरखून सांगितलें कीं, ही बसलेली वळणें आधीं पुसावीं लागतील, मग पुढचें शिकवितां येईल. त्याच सुमारास मनगट दुखतें अशी त्याची तक्रार सुरू झाली. ती आम्हीं कामचुकारपणाची सबब समजलों. दहावीच्या वर्षीं एके दिवशीं त्यानें तबल्याडग्ग्यावर खोळ चढविली, दोन्ही माळ्यावर नेऊन ठेविलीं आणि खालीं येऊन भूगोलाचें पुस्तक उघडलें. एक शब्द बोलला नाहीं. त्यानंतर पंचवीस वर्षें त्यानें त्या वाद्यास हात लावला नाहीं.

तेव्हां 'रोज किती वेळ' हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला कीं उत्तर चटकन जिभेवर येत नाहीं. त्या बुधवारींहि आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

विचार करूं लागतां प्रथम लक्षांत आलें तें हें कीं, हा प्रश्न जुना नव्हे. गुरुगृहीं राहून शिकणाऱ्या शिष्यास तो पडतच नसे. १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले. तेथें घरचें काम, गुरूची सेवा, तालीम आणि मेहनत हीं वेगळीं मोजावयाचीं खातीं नव्हतीं. शिष्य आंतल्या खोलींत गात असला तरी गुरूचा कान त्यावर असे, आणि चूक झालीच तर ती रुजण्यापूर्वीं बाहेरून हांक येई. पुढें याच विष्णु दिगंबरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. वर्ग आले, नेमलेला अभ्यासक्रम आला, छापील स्वरलिपि आली, आणि ज्या घरांतून गाण्याबजावण्याचें नांव काढणें कठीण होतें त्या घरांतील मुलामुलींस संगीताचें दार उघडलें. हे उपकार केवढे आहेत हें आमच्या पिढीनें विसरतां कामा नये. परंतु विद्या तासांवर आली तेव्हां एक गोष्ट अपरिहार्यपणें घडली. गुरूचा कान आठवड्यांतून दोन तास मिळूं लागला आणि उरलेले दिवस मूल स्वतःच्या चुकांबरोबर एकटें राहिलें. तेव्हांपासून आईबाप घड्याळाकडे पाहूं लागले.

मोठमोठ्या वादकांच्या कथा या बाबतींत फार फसव्या असतात. अहमदजान थिरकवाखांसाहेब हे मुंबईस मुनीरखांसाहेबांपाशीं शिकले आणि पुढें बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत त्यांनीं साथ केली, म्हणून महाराष्ट्रानें त्यांस आपलेंच मानलें. त्यांच्या मेहनतीचे तास सांगतांना सांगणाराचा उत्साह पाहण्यासारखा असतो. आंकडा प्रत्येक बैठकींत वाढतो. चाळीस दिवस जगापासून अलग राहून वाद्याशींच झुंजण्याची 'चिल्ला' नांवाची चाल तबलजींच्या घराण्यांत आहे, हेंहि खरें. पण चिल्ला करणारा तो पुरुष वाढीस लागलेला, त्याची भाकरी त्या तबल्यावर, आणि हात बनलेला. पांचवींतल्या मुलास त्याचें अनुकरण करावयास लावणें म्हणजे वासराच्या मानेवर जूं ठेवण्यासारखें आहे. आम्हीं नेमकें तेंच केलें होतें.

झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांच्या बालपणाची हकीकत याहून अधिक बोधप्रद आहे. ती त्यांनींच अनेकदां सांगितली आहे. माहीमच्या घरीं वडील अल्लारखांसाहेब त्यांस पहाटे तीनच्या सुमारास उठवीत आणि उजाडेपर्यंत शिकवीत. पण त्या वेळीं तबला वाजत नसे. बोल तोंडानें म्हणावयाचे, हातानें ताल धरावयाचा, जुन्या उस्तादांच्या रचना आणि त्यांच्या गोष्टी ऐकावयाच्या. तास मोजणारानें ही वेळ शून्य धरावी काय? आमच्या वैदिक पाठशाळांतील संथा ज्यानें पाहिली आहे त्यास यांत नवल वाटणार नाहीं. जिव्हा शुद्ध झाली कीं हाताचें निम्में काम होऊन जातें.

आतां पाश्चात्य पंडितांचें पाहूं. १९९३ सालीं अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं बर्लिनच्या संगीत विद्यालयांतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. उत्तम, चांगले आणि पुढें शिक्षक होऊं इच्छिणारे असे तीन वर्ग त्यांनीं पाडले होते. अठरा वर्षांच्या वयापर्यंत उत्तम वर्गाची एकट्यानें केलेली मेहनत सरासरी ७,४१० तास, चांगल्यांची ५,३०१ आणि तिसऱ्या वर्गाची ३,४२० तास भरली. यावरूनच पुढें २००८ सालीं एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकानें 'दहा हजार तास' हा मंत्र जगभर पसरविला; एरिक्सन यांस तो मान्य नव्हता. २०१९ सालीं अमेरिकेंत हीच पाहणी पुन्हा केली तेव्हां उत्तम आणि चांगले यांच्या तासांत तसें अंतर दिसलें नाहीं. मागें पडला तो तिसरा वर्ग तेवढा. आंकड्यांच्या या वादाहून आम्हांस त्या जुन्या निबंधांतील दुसरी माहिती मोलाची वाटते. वरच्या दोन्ही वर्गांतील तरुण विशी ओलांडलेले, वाद्य हाच त्यांचा व्यवसाय व्हावयाचा, आणि तरीहि त्यांची एकट्याची मेहनत दिवसास साडेतीन तासांच्या आसपास. तीहि सलग नव्हे, तर सुमारें सव्वा ते दीड तासाच्या बैठका, मध्यें विसांवा. शिवाय हे लोक दुपारीं झोंप घेत! आमच्या कुटुंबास हें वाचून दाखविलें तेव्हां त्यांस जो आनंद झाला तो वर्णन करण्याचें कारण नाहीं. २००२ सालीं अमेरिकेंतीलच संशोधकांनीं बोटांची एक ठराविक चाल लोकांस शिकवून पाहिली. रात्रभर झोंप झाल्यावर, मध्यें कांहींहि सराव न करतां, ती सुमारें वीस टक्क्यांनीं अधिक वेगानें करतां आली. मूल निजलें असतां हात शिकतच असतो, असा याचा अर्थ. आम्ही पहाटे पांचला मुलास ओढून उठवीत होतों तें काय हिरावून घेत होतों, हें यावरून कळावें. अतिश्रमाचें टोक पाहावयाचें तर जर्मन संगीतकार शुमान याचें उदाहरण आहे. पियानोवादक होण्याची त्याची ईर्षा होती. विशीच्या आरंभींच उजव्या हाताचें बोट कायमचें अधू झालें आणि वादकाचा मार्ग बंद झाला. नेमकें कारण कोणतें याविषयीं विद्वानांत वाद आहे, पण बोटांवर त्यानें केलेली जबरदस्ती त्यांत नेहमीं सांगितली जाते. दुखणें ही सबब नव्हे. मनगट, कोपर किंवा बोट दुखूं लागलें कीं त्या दिवशीं हात थांबलाच पाहिजे.

हे सर्व कागद चाळून झाल्यावर आम्ही आमच्या जुन्या पोथीकडे वळलों. योगसूत्रांच्या पहिल्या पादांत पतंजलींनीं अभ्यास दृढ कशानें होतो हें एका चिमुकल्या सूत्रांत सांगितलें आहे. तेथें अटी तीन : दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. शाळेंत हें सूत्र आम्हीं अनेकदां मुलांस समजावून दिलें. त्यांत काय नाहीं, हें मात्र या आठ दिवसांतच दिसलें. दिवसांतून किती घटका, हा शब्दच तेथें नाहीं. दीर्घकाल म्हणजे लांब बैठक नव्हे, लांब वर्षें. नैरंतर्य म्हणजे खंड न पडणें. आणि सत्कार म्हणजे आदर. ज्या गोष्टीची धास्ती बसली तिचा आदर होत नाहीं. तीन तासांच्या हट्टापायीं आम्हीं मुलाचा सत्कार संपविला, सत्कार गेला तेव्हां नैरंतर्य गेलें, आणि दीर्घकालाचा प्रश्नच उरला नाहीं. आणखी एक गोष्ट. ज्या परंपरेनें वेद हजारों वर्षें मुखांत राखले तिनेंच प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या असे अनध्याय नेमून दिले आहेत. नैरंतर्य म्हणजे विसांवाच नको, असा अर्थ त्या लोकांनीं केला नव्हता.

दीर्घकालाचें उदाहरण शोधावयास नागपूरकरांस दूर जावयास नको. वसंतराव देशपांडे १९२० सालीं मूर्तिजापुरास जन्मले, नागपुरांत वाढले, येथेंच शंकरराव सप्र्यांपाशीं शिकले. गाण्याइतकाच तबल्यावरहि त्यांचा हात होता. पुण्यास लष्कराच्या हिशेब कचेरींत त्यांनीं वर्षानुवर्षें नोकरी केली. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' मधील खांसाहेबांच्या भूमिकेनें सारा महाराष्ट्र त्यांच्या पायांशीं आला तेव्हां ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. कचेरींतून परतलेल्या माणसापाशीं दिवसाच्या घटका मोजक्याच असतात, वर्षें मात्र पुष्कळ असतात.

आठव्या दिवशीं, पुनः बुधवारींच, आम्हीं निकाल दिला. नातवानें दिवसास दोन घटका वाजवावें. म्हणजे एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटें. तीं एकदम नव्हेत : शाळेंतून आल्यावर खाणेंपिणें होऊन एक घटका, आणि दिवेलागणीनंतर एक. पहिल्या घटकेंत फक्त एक कायदा, तोहि अशा संथ लयींत कीं प्रत्येक अक्षर वेगळें ऐकूं यावें. दुगुन करण्याची परवानगी ऐकणाऱ्यानें द्यावयाची. दुसऱ्या घटकेंत त्यास जें आवडेल तें. सकाळीं तो आमच्याबरोबर तलावाकडे फिरावयास येतो, तेथें चालतां चालतां बोल म्हणावयाचे. पावलें बरीच चांगली लय धरतात. ताजबागेच्या उरुसांत कव्वालांच्या मागें ढोलक वाजतो तो ऐकत उभें राहणें हेंहि अभ्यासांतच धरावें. पंधरवड्यांतून एक अनध्याय, आणि ताप असेल त्या दिवशीं दुसरा. चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर गोडी टिकली तर दीड तासापर्यंत जावें, दोन बैठकांत. त्यापुढचे तास ज्यास हाच व्यवसाय करावयाचा त्याचे, आणि तेहि गुरूचा कान जवळ असेल तरच. परीक्षा यंदा न देतां पुढल्या वर्षीं दिली तरी आकाश कोसळत नाहीं, असें शिक्षकांस कळविण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें. ते सज्जन आहेत. थोडे कुरकुरले, मग म्हणाले, ठीक आहे, पण त्या दोन घटका मात्र चुकूं नयेत. हा आग्रह आम्हांस पटला. घरांत लग्न असो, पाहुणे असोत, एक घटका तरी झालीच पाहिजे.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. कोनाड्यांतील घड्याळ आम्हीं काढून आपल्या खोलींत ठेविलें. पण मुलाजवळ बसणार कोण? आम्हांस ताल कळतो, बोटांचें वळण कळत नाहीं. सूनबाई त्या वेळीं स्वयंपाकांत. मुलास सांगावयाचें आमचें धाडस झालें नाहीं.

मध्यंतरीं माळ्यावरील जुनी जोडी खालीं काढली, ती नातवाच्याच आग्रहावरून. पंचवीस उन्हाळे नागपूरचे! तबल्याची पुडी काठाशीं तडकलेली, शाई भेगाळून तिचे टवके निघालेले, डग्ग्याची वादी कडक होऊन मोडलेली. लांकूड मात्र शाबूत. महालांतील एका कारागिराकडून नवी पुडी चढवून आणली. त्या दिवशीं संध्याकाळीं नातू नव्या पुडीच्या आनंदांत पहिल्याच घटकेला दुगुन करूं लागला. मुलगा कचेरींतून नुकताच आला होता आणि छपरींत बूट काढीत होता. तो आंत आला नाहीं. उंबऱ्याशींच उभा राहून त्यानें म्हटलें, "तिरकिट सावकाश. बोट उचलतो आहेस, दाबून ठेव." नातवानें वर पाहिलें आणि पुनः ठाय लयींत आरंभ केला. मुलगा दारांतच उभा राहिला, हातांत बूट तसाच. किती वेळ, तें आम्हीं मोजलें नाहीं.