न खेळलेल्या संघांचा विश्वचषक

जुलै १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये भरलेली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा यजमानांनी वेम्बलीच्या मैदानावर पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून जिंकली आणि जेफ हर्स्टने केलेल्या तीन गोलांमुळे, विशेषतः त्यांतील एका गोलावरून आजही चालू असलेल्या वादामुळे, तिची आठवण बहुधा त्या अंतिम सामन्यापुरतीच उरली. परंतु फुटबॉलच्या इतिहासाला तिने जे वळण दिले, त्याचे श्रेय मात्र तिच्यात न उतरलेल्या आफ्रिकी संघांकडे जाते.

स्पर्धेतील १६ जागांपैकी दहा युरोपच्या व चार दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला आल्या होत्या, तर आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिन्ही विभागांना मिळून फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, एकच जागा ठेवली होती. त्यामुळे आफ्रिकेतील पात्रता फेऱ्या, म्हणजे मुख्य स्पर्धेत प्रवेशासाठीचे प्राथमिक सामने, जिंकणाऱ्या संघालाही आशियाच्या विजेत्याशी पुन्हा झुंजावे लागणार होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना ही वागणूक वसाहतकाळातील दुजाभावासारखीच वाटली, आणि ती तशीच होती. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या घानाचे क्रीडाप्रमुख ओहेने जान आणि इथिओपियाचे टेसेमा यिडनेकाचेव यांनी विरोधाचे नेतृत्व केले, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला फिफाने पाठीशी घातल्याचा रोषही त्यात मिसळला आणि अखेर आफ्रिकेतील १५ देशांनी सामूहिक माघार घेतली. खेळाडूंच्या एका पिढीची संधी त्यात गेली, हे विसरून त्या निर्णयाचे मोल ठरवता येत नाही.

ती एकमेव जागा नॉम पेन्ह येथे ऑस्ट्रेलियाला दोनदा हरवून उत्तर कोरियाने मिळवली. मिडल्सबरो येथे पाक दू-इक याच्या गोलामुळे त्याच संघाने त्यापूर्वी दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या इटलीला १-० असे नमवले आणि उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालवर पहिल्या २५ मिनिटांतच ३-० अशी आघाडी घेतली. तो सामना पोर्तुगालने ५-३ असा फिरवला, आणि त्यांतील चार गोल करणारा युसेबिओ तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या मोझांबिकमध्ये जन्मलेला होता. एकूण नऊ गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यानेच केले. ज्या दोन खंडांना पुरेशी जागा देण्याइतका दर्जा नाही असे मानले गेले होते, त्यांच्याच खेळाडूंनी या स्पर्धेला तिचे सर्वांत उत्कट क्षण दिले, ही गोष्ट त्या वाटपावरचा सर्वांत नेमका आक्षेप ठरते.

त्या माघारीनंतर आफ्रिकेला पुढील स्पर्धेपासून हक्काची एक जागा मिळाली आणि १९७० मध्ये मोरोक्को मेक्सिकोत खेळला. १९७४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फिफाचे अध्यक्ष स्टॅन्ली राउस यांचा पराभव करणाऱ्या जोआव आव्हेलांज यांच्यामागे आफ्रिकी देशांची मते मोठ्या संख्येने उभी राहिली. १९७८ मध्ये ट्युनिशियाने मेक्सिकोला ३-१ असे हरवून विश्वचषकातील आफ्रिकेचा पहिला विजय नोंदवला. मोरोक्कोने २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठली, आणि २०२६ च्या ४८ संघांच्या स्पर्धेत आफ्रिकेसाठी थेट नऊ जागा ठेवण्यात आल्या.