अनाम इच्छेचे कथन : ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’

प्रेमकादंबरीची नायिका बहुधा योग्य जोडीदाराच्या शोधात असते. तिला प्रेम म्हणजे काय हे ठाऊक असते. प्रश्न असतो तो व्यक्तीच्या निवडीचा. परंतु नायिकेला स्वतःच्या इच्छेचे स्वरूपच आधी ओळखावे लागत असेल, तर या प्रकाराची घडण मुळापासून बदलते. पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी या बदलाचे महत्त्वाचे उदाहरण होय.

ही कादंबरी १९५२ साली क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत समलिंगी आकर्षणाची गणना विकारांत केली होती. ती १९७३ मध्ये वगळण्यात आली. टोपणनावामागील दडपण यावरून ध्यानात येते. लेखिकेने स्वतःच्या नावाने ही कृती स्वीकारली ती १९९० मध्ये, ‘कॅरोल’ या शीर्षकाखाली.

कादंबरीचे बीज १९४८ च्या डिसेंबरात पडले. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानाच्या खेळणी विभागात हायस्मिथ तात्पुरती नोकरी करीत असताना आलेली एक अपरिचित ग्राहक स्त्री तिच्या मनात घर करून राहिली. कादंबरीत हीच भेट थेरेज बेलिव्हेट ही एकोणीस वर्षांची नेपथ्यकार होऊ पाहणारी तरुणी आणि घटस्फोटाच्या मार्गावर असलेली कॅरोल एअर्ड यांच्यात घडते.

थेरेजला रिचर्ड नावाचा मित्र आहे व तो विवाहाची स्वप्ने पाहत आहे. त्याच्या सहवासात काहीतरी उणे आहे हे तिला जाणवते. पण त्या उणिवेचा अर्थ कॅरोल भेटेपर्यंत उलगडत नाही. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते थेरेजच्या जाणिवेपुरतेच मर्यादित आहे. त्यामुळे तिला जे कळलेले नाही ते निवेदकही सांगत नाही. दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात असे तिने ऐकलेले असते. मात्र त्या ऐकीव प्रतिमेत ती स्वतःलाही बसवू शकत नाही व कॅरोललाही नाही. अनुभव आधी येतो, नाव मागाहून. किंबहुना नाव येतेच असे नाही. आत्मशोधाचे हे कथन विश्वसनीय ठरते ते या क्रमामुळे.

येथे उभयलैंगिकतेचा प्रश्न उपस्थित होतो. रिचर्डविषयीची थेरेजची उदासीनता पाहता तिला केवळ समलिंगी मानणे सोपे आहे. परंतु कॅरोलचा विवाह व डॅनी या तरुणाशी थेरेजचे असलेले अधिक मोकळे नाते विचारात घेतले, तर कादंबरी हा निवाडा करण्याचे टाळते असे दिसते. पुरुषाशी आलेला संबंध खोटा ठरवल्याशिवाय स्त्रीशी जडलेले प्रेम खरे ठरत नाही, ही अट ती वाचकावर लादत नाही.

या प्रेमाचे मोल मात्र प्रत्यक्ष आहे. पती हार्जने नेमलेला गुप्तहेर प्रवासात दोघींचा पाठलाग करून पुरावा गोळा करतो आणि कॅरोलला मुलीचा ताबा गमवावा लागतो. तरीही अखेरीस थेरेज तिच्याकडे परतते. अशा नायिकांच्या वाट्याला मृत्यू, वेड वा पश्चात्ताप येण्याच्या त्या काळात हा शेवट अपवादात्मक होता.

मराठीत विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे मित्राची कहाणी बापू हा तिचा मित्र सांगतो व तिची अखेर आत्मनाशात होते. थेरेजच्या जाणिवेतूनच कथन घडल्याने ती इतरांच्या कुतूहलाचा वा करुणेचा विषय बनत नाही. दृष्टिबिंदूची निवड हा केवळ तंत्राचा भाग नसून नैतिक निर्णयही असतो, हे यातून स्पष्ट होते.

मराठी समीक्षेपुढे परिभाषेचाही प्रश्न आहे. ‘द्विलिंगी’ हा शब्द वनस्पतिशास्त्रात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलासाठी रूढ आहे. तो शरीररचनेचा वाचक आहे, इच्छेचा नव्हे. म्हणून ‘उभयलैंगिक’ ही संज्ञा अधिक काटेकोर ठरते. मात्र संज्ञा हाती आली म्हणून पात्राचा उलगडा झाला, असे समजणे घाईचे होईल. थेरेजला स्वतःला ओळखण्यास जितका अवधी लागतो, तितका अवधी समीक्षकानेही तिला देणे आवश्यक आहे.