गिटार-सिंथेसायझर पेडल आणि स्वराची आस

गिटार-सिंथेसायझर पेडल वापरणाऱ्या वादकांची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते. ऑर्गनसारखा भरदार नाद पेडलमधून निघतो खरा, परंतु तो हवा तेवढा वेळ टिकत नाही. कळफलकाच्या सिंथेसायझरवर बोट पट्टीवर असेतोवर स्वर चालू राहतो. गिटारवर मात्र तो काही सेकंदांतच चाचरू लागतो आणि एकाएकी तुटतो. आपल्याकडील सतारिये ज्या गुणाला ‘आस’ म्हणतात तो येथे उणा पडतो. याचा दोष बहुधा पेडलला दिला जातो आणि त्याच्यापुढे एकामागून एक विवर्धक जोडले जातात. हा उपाय एका मर्यादेपलीकडे निष्फळ का होतो, आणि ती मर्यादा कशाने ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पेडलांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात तारेचा विद्युत्‌संकेतच कच्चा माल म्हणून वापरला जातो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा मायक्रो सिंथेसायझर हे त्याचे १९७० नंतरच्या दशकातील प्रसिद्ध उदाहरण होय. संकेताची शिखरे छाटून चौकोनी तरंग बनवावयाचा, कंप्रता निम्मी करून खालच्या सप्तकातील स्वर मिळवावयाचा, आणि या मिश्रणावरून सरकती गाळणी फिरवावयाची, अशी त्याची रीत आहे. दुसऱ्या वर्गात संकेताचे अंकीय पृथक्करण करून त्याच्या आधाराने नवा नाद घडविला जातो. बॉस कंपनीचे २०१९ मध्ये आलेले एसवाय-१ हे पेडल नेहमीच्या पिकअपवरच हे काम करते. आपल्या प्रश्नापुरता हा भेद गौण आहे. स्वर केव्हा उमटला आणि केव्हा संपला, ही वार्ता दोन्ही वर्गांना तारेकडूनच मिळते, आणि ती वाचण्यासाठी संकेतपातळीचा एक उंबरठा मानावा लागतो. पातळी उंबरठ्याच्या वर आहे तोवर स्वर आहे. खाली गेली की नाही. चौकोनी तरंगाची उंची तर तारेच्या कंपविस्तारावर अवलंबूनच नसते. म्हणून तो शेवटपर्यंत भरघोस वाजतो आणि मग विरण्याऐवजी तुटतो.

आता थोडा हिशेब करू. छेडलेल्या तारेचा कंपविस्तार घातांकीय नियमाने घटतो. डेसिबेलमध्ये मांडल्यास ही घट सरळ रेषेत येते. (आरंभी ती अधिक शीघ्र असते, कारण वरचे स्वरांश लवकर विझतात, तो भाग तूर्त सोडून देऊ.) उदाहरणादाखल, एखादी तार सेकंदास ६ डेसिबेल या गतीने शांत होते असे धरू. आरंभीची पातळी उंबरठ्याच्या ३६ डेसिबेल वर असेल तर पेडल ६ सेकंद स्वर धरील. विवर्धक जोडून संकेत दुप्पट केला तर पातळी ६ डेसिबेलने चढते, आणि पदरात पडतो तो एकच सेकंद. दुसऱ्या सेकंदासाठी विवर्धन चौपट हवे, तिसऱ्यासाठी आठपट. काळ बेरजेने वाढतो आणि त्याची किंमत गुणाकाराने.

ही किंमतही मोजता आली असती. पण विवर्धक तारेचा संकेत आणि पिकअपमध्ये शिरलेली गुणगुण यांत भेद करीत नाही. समजा, आरंभीचा संकेत गुणगुणीच्या ६० डेसिबेल वर आहे, आणि पेडलला खोटी चाहूल लागू नये म्हणून उंबरठा गुणगुणीच्या निदान १२ डेसिबेल वर ठेवावयास हवा. उरले ४८ डेसिबेल, म्हणजे ८ सेकंद. पेडलचा उंबरठा याहून उंच असेल तोवर विवर्धन उपयोगी पडते, आणि संवेदनक्षमतेची कळ फिरवूनही तेच साधते. परंतु उंबरठा एकदा त्या जागी आला, की पिकअपनंतर कितीही विवर्धन केले तरी ८ चा आकडा हलत नाही. तो हलविणाऱ्या गोष्टी दोनच: तारेच्या घटीची गती आणि पिकअपपाशी असलेले संकेत-गुणगुण यांचे प्रमाण. आठाचे दहा सेकंद करावयाचे असतील तर गुणगुण १२ डेसिबेलने उतरली पाहिजे, अथवा घटीची गती सेकंदास ४.८ डेसिबेलवर आली पाहिजे.

गुणगुणीवरील जुना उपाय म्हणजे हंबकर पिकअप. सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीत तो सिद्ध केला. त्यातील दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली असतात आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलट असतात. त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींत लोपते, तारेचा संकेत मात्र एकत्र होतो. घटीची गती तारेच्या नवेपणावर आणि मानेच्या कडकपणावर अवलंबून असते. मानेची स्वाभाविक कंप्रता एखाद्या स्वराशी जुळली की तारेची ऊर्जा मानेत शोषली जाते व तेवढाच स्वर लवकर मरतो. माथ्याला लहानसे वजन अडकविल्यास हे मृतस्थान दुसऱ्या स्वरावर सरकते. संकेत वाढावा म्हणून पिकअप तारांच्या अगदी निकट आणण्याची पुष्कळांना सवय असते. ती चांगली नव्हे: चुंबकाच्या ओढीने तारेचा स्वर कलुषित होतो, त्यात डोल उत्पन्न होतात, आणि स्वर ओळखू पाहणारे पेडल नेमके तेथे गोंधळते.

तुटण्यापूर्वीच्या चाचरण्याची कारणे निराळी आहेत. पातळी उंबरठ्यावर रेंगाळताना किंचित खालीवर होते आणि पेडल उघडझाप करू लागते. यासाठी चांगल्या मंडलात उघडण्याचा उंबरठा वरचा आणि मिटण्याचा खालचा ठेवतात. दुसरे कारण असे, की विरत्या नादात दुसरा स्वरांश मूल स्वरांशाला वरचढ झाला तर कंप्रता निम्मी करणारे मंडल सप्तक ओलांडून उडी मारते. मानेजवळचे पिकअप निवडून टोनची कळ खाली आणल्यास मूल स्वरांश ठळक राहतो. बिनखर्चाच्या उपायांत मला हा सर्वांत गुणकारी वाटतो. आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने एकदिशीकारकातून येणारी गुणगुण १०० हर्ट्झची असते, आणि सहाव्या तारेवरील तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ हा स्वर आहे ९८ हर्ट्झचा. विरत आलेला ‘जी’ आणि ही गुणगुण यांची फारकत साध्या गाळणीने होणे कठीण. अमेरिकेत, जेथे गुणगुण १२० हर्ट्झची असते, हीच पीडा पाचव्या तारेवरील दुसऱ्या पडद्याच्या ‘बी’ला (१२३.५ हर्ट्झ) होईल.

कॉम्प्रेसरचे स्थान या विवेचनानंतर सहज कळेल. ४:१ या प्रमाणाचा कॉम्प्रेसर संकेताची २४ डेसिबेलची घट ६ वर आणतो, म्हणजे पेडलला ४ सेकंदांपर्यंत जवळजवळ सपाट पातळी मिळते. मूळ प्रमाण त्याने सुधारत नाही. शांत क्षणी तर तो गुणगुणच वर उचलतो. शिवाय आघाताचे टोक बोथट झाल्याने नव्या स्वरावर गाळणी पुन्हा उघडेलच असे नाही. जलद वादनात ही हानी लाभापेक्षा मोठी होते. म्हणून दाब माफक ठेवावा आणि कॉम्प्रेसर पेडलच्या आधीच जोडावा. नंतर जोडलेला कॉम्प्रेसर तुटलेला स्वर परत आणू शकत नाही.

वरील सर्व उपाय तारेतील ऊर्जा सांभाळून खर्च करण्याचे आहेत. ती नव्याने पुरविणे हा वेगळाच मार्ग. रोलंड कंपनीच्या १९७७ च्या जीआर-५०० बरोबरच्या गिटारमध्ये तारा विद्युत्‌चुंबकाने कंपित ठेवण्याची योजना होती. हातात धरावयाचे ईबो हे साधन एका वेटोळ्याने तारेचे कंपन टिपते आणि दुसऱ्याने तेच तिला परत देते. घटीची गतीच शून्य झाल्याने आपला हिशेब तेथे लागू पडत नाही. मात्र ईबोने स्वर हळूहळू फुलतो व त्याला आघात नसतो, म्हणून गाळणी हलवायची असेल तर तार आधी छेडून मग ईबो तिच्यावर आणावा. ते एका वेळी एकच तार चालविते. अनेक तारांचा मेळ धरून ठेवावयाचा असल्यास २०१० च्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स फ्रीझसारखे धारक पेडल हवे, आणि त्याचे स्थान विचारपूर्वक ठरवावे. सिंथेसायझरनंतर ठेवल्यास गाळणी त्या क्षणी जेथे असेल तेथेच नाद गोठतो. आधी ठेवल्यास सिंथेसायझरला अखंड संकेत मिळतो आणि गाळणीचा फेर पुरा होतो.