पत्नीच्या नावावरील ठेव आणि आयकर

मुदत ठेवीची पावती बँकेतून घरी येते, कपाटाच्या कप्प्यात जाते आणि वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, बाहेर निघते. त्या वेळी तिच्यासोबत एक छापील नमुना असतो. ‘इथे आणि इथे सही कर’ असे सांगितले जाते, गृहिणी सही करते आणि कागद बँकेत जातो. ठेवीच्या व्याजातून कर कापला जाऊ नये यासाठीचा हा नमुना; ३१ मार्च २०२६ पर्यंत तो १५ जी होता. वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी तेव्हा १५ एच होता. अनेक घरांत हा सोपस्कार वर्षानुवर्षे चालत आला आहे. परंतु सही करणाऱ्या किती गृहिणींनी तो कागद वाचलेला असतो?

त्या नमुन्याच्या अखेरीस एक प्रतिज्ञापन असते. नमूद केलेले उत्पन्न आयकर कायद्यान्वये अन्य कोणत्याही व्यक्तीच्या उत्पन्नात मिळविले जाणारे नाही, अशी ग्वाही त्यात दिलेली असते. ठेवीतील पैसा पतीने दिलेला असेल, तर ही ग्वाही बहुधा खरी नसते. आणि तिच्याखाली सही पत्नीची असते.

कायदा काय सांगतो

पतीने पत्नीला पैसे द्यावेत यास कायद्याची मुळीच हरकत नाही. अशा बक्षिसावर पत्नीला करही द्यावा लागत नाही. मात्र योग्य मोबदल्याविना पतीने पत्नीला दिलेल्या पैशातून जे उत्पन्न मिळते, ते पतीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर पतीने कर भरावयाचा असतो. पत्नीने पतीला पैसे दिले तरी नियम हाच. यालाच उत्पन्नाचे एकत्रीकरण, अर्थात ‘क्लबिंग’ म्हणतात. हा नियम नसता, तर प्रत्येक करदात्याने आपले उत्पन्न घरातील माणसांच्या नावे वाटून कर टाळला असता.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ घेतो. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक त्यामुळे बदलले, तरी एकत्रीकरणाचे तत्त्व कायम आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या कायद्यानुसारच भरावयाचे आहे.

एक उदाहरण

समजा, एका कापड व्यापाऱ्याचे २०२५-२६ या वर्षाचे करपात्र उत्पन्न ११,५०,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने आपणास कर नाही, अशी त्याची समजूत आहे. प्लॉट विकून आलेल्या पैशातील २० लाख रुपये त्याने पूर्वीच पत्नीच्या नावे ठेवले असून त्यावर ७ टक्के दराने वर्षाला १,४०,००० रुपये व्याज मिळते. पत्नीची स्वतःची, वडिलांनी लग्नात दिलेली ३ लाखांची ठेवही आहे. तिचे व्याज २१,००० रुपये. दोन्ही मिळून व्याज १,६१,००० रुपये. ही रक्कम चार लाखांच्या आत असल्याने बँक १५ जी नमुना स्वीकारते. बँक आकडे पाहते. पैसा कोणाकडून आला, हे तिला ठाऊक नसते.

वास्तविक २१,००० रुपये पत्नीचे आणि १,४०,००० रुपये पतीच्या उत्पन्नातील. पतीचे उत्पन्न मग १२,९०,००० रुपये होते आणि बारा लाखांची सवलत हातची जाते. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढील चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. त्यापुढील चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. उरलेल्या ९०,००० वर १५ टक्क्यांनी १३,५००. एकूण ७३,५०० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ७६,४४० रुपये. ज्याला शून्य कर वाटत होता, त्याचे देणे इतके आहे.

पत्नीने १५ जी दिला नसता, तर बँकेने व्याजावर १० टक्के कर कापला असता. त्यांतील पतीच्या हिश्शाचे १४,००० रुपये पतीच्या विवरणपत्रात जमा धरता आले असते. त्यासाठी पत्नीने बँकेकडे तसे निवेदन द्यावे लागते व पतीला विवरणपत्राचा सर्वांत साधा नमुना वापरता येत नाही.

गैरसमज आणि धोके

व्याजाची नोंद पत्नीच्या पॅनवर, तिच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. पतीच्या विवरणात ती दिसत नाही, म्हणून विषय संपला असे समजणे धोक्याचे आहे. प्लॉटच्या विक्रीचा पैसा पतीच्या खात्यातून पत्नीच्या खात्यात गेल्याची नोंद बँकेत कायम असते. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन दाखविल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे; व्याज निराळे. खोट्या प्रतिज्ञापनासाठी तर कारावासाची तरतूद आहे, आणि ते प्रतिज्ञापन ज्याचे, जबाबदारीही त्याचीच.

आणखी काही प्रसंग ध्यानी घ्यावेत. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या पैशाचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळते. आजोबांनी अज्ञान नातवाच्या नावे ठेव केली, तर तिचे व्याज आजोबांच्या नव्हे, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळते. स्वतःची मिळकत हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात टाकली, तरी तिच्या उत्पन्नावरील कर टाकणाऱ्यासच लागतो. संयुक्त ठेवीत पहिले नाव कोणाचे, यावरून कर ठरत नाही. पैसा कोणाचा, यावरून ठरतो.

सरळ मार्ग

पत्नीचा स्वतःचा पैसा मात्र पूर्णतः तिचाच असतो. माहेरचे स्त्रीधन, वारसाहक्काने आलेली रक्कम, शिकवणी, शिवणकाम वा नोकरीतून मिळविलेला पैसा यांवरील व्याज पतीच्या उत्पन्नात मिळत नाही. त्यासाठी हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. माहेरून रक्कम मिळाल्यास ती धनादेशाने घ्यावी व साध्या कागदावर बक्षीसपत्र करून ठेवावे. दोन लाख वा त्याहून अधिक रोख रक्कम तर कोणाकडूनही घेऊ नये. कायद्याने ती मनाई आहे.

पतीने दिलेल्या पैशावरील व्याज पतीचे धरले जाते. परंतु ते व्याज पत्नीने पुन्हा गुंतविल्यास त्यावर मिळणारे व्याज तिचे असते. वरील उदाहरणातील १,४०,००० रुपये तिने ७ टक्क्यांनी स्वतंत्र ठेवीत ठेवले, तर पुढील वर्षीचे ९,८०० रुपये तिचे उत्पन्न होय. व्याज मुद्दलात मिळत जाणाऱ्या ठेवीत हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. म्हणून व्याज दर तिमाहीस खात्यात जमा होणारी ठेव घ्यावी आणि व्याजाची ठेव वेगळी करावी.

पतीने पत्नीला वाजवी व्याजाने खरेखुरे कर्ज दिले आणि ते व्याज नियमित घेतले, तर एकत्रीकरण होत नाही. पतीला मिळालेले व्याज मात्र त्याचे उत्पन्न ठरते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील व्याज मुळातच करमुक्त असल्याने, पत्नीच्या खात्यात वर्षाला दीड लाखांपर्यंत रक्कम पतीने भरली तरी करात भर पडत नाही. तसेच मुलाने आई-वडिलांना किंवा आई-वडिलांनी सज्ञान मुला-मुलीला दिलेल्या पैशास हा नियम लागू नाही. मात्र दिलेला पैसा खरोखरच घेणाऱ्याचा होतो, हे विसरू नये.

आजवर चूक झाली असल्यास ती सुधारता येते. मुदतीत असल्यास सुधारित विवरणपत्र भरावे. मुदत गेली असल्यास संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. त्यात कर व व्याजाखेरीज, विलंबानुसार २५ ते ७० टक्के जादा कर भरावा लागतो. जितका उशीर, तितका भार अधिक. करसल्लागाराकडे जाताना पती-पत्नीने दोघांचीही पासबुके न्यावीत.

तिचीही माहिती

पतीच्या निधनानंतर एकत्रीकरण थांबते. त्या दिवसापासून त्या ठेवीचे व्याज पत्नीचे, आणि त्याचा हिशेब देण्याची जबाबदारीही तिची. ज्या स्त्रीने वीस वर्षे न वाचता सह्या केल्या, तिच्यासमोर अशा वेळी पावत्यांचा एक गठ्ठा येतो आणि त्यांतील कोणता पैसा माहेरचा, कोणता पतीचा व कोणता साठलेल्या व्याजाचा, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. मुले विचारतात, बँक विचारते, करसल्लागार विचारतो. तिच्यापाशी उत्तर नसते.

हे टाळण्यास फारसे कष्ट लागत नाहीत. एक साधी वही पुरते. प्रत्येक ठेवीपुढे रक्कम, तारीख, पैसा कोठून आला आणि व्याज कोणाच्या विवरणपत्रात दाखविले, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. एप्रिलमध्ये नमुना समोर आला की पती-पत्नीने ती वही उघडून एकत्र बसावे. पतीच्या पैशाची ठेव असेल, तर तो नमुना कोराच ठेवावा. बँकेला कर कापू द्यावा. पत्नीच्या स्वतःच्या पैशाची असेल आणि तिला कर लागत नसेल, तर तिने तो वाचावा आणि निःशंक मनाने सही करावी.