डिपेंडन्सी इंजेक्शन आणि संदेशवहन लायब्रऱ्या (जावा)

डिपेंडन्सी इंजेक्शन ही जावा भाषेतील मोठ्या उद्योग-प्रणालींमध्ये रूढ असलेली आज्ञावली-रचनेची एक पद्धती आहे. एखाद्या ऑब्जेक्टला कामासाठी लागणारी इतर ऑब्जेक्टे, म्हणजेच त्याची अवलंबित्वे, या पद्धतीत त्याने स्वतः निर्माण न करता बाहेरून पुरविली जातात. हा पुरवठा करणाऱ्या यंत्रणेस कंटेनर म्हणतात. काफ्का, रॅबिटएमक्यू यांसारख्या संदेशवहन व्यवस्थांच्या लायब्रऱ्या अशा प्रणालीस जोडल्या असता हा पुरवठा अनेकदा खंडित होतो. कंटेनर केवळ आपल्या व्यवस्थापनाखालील ऑब्जेक्टांनाच अवलंबित्वे पुरवितो, हे त्याचे मुख्य कारण होय.

पार्श्वभूमी

मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ ही संज्ञा सर्वत्र रुळली. त्याच वर्षी स्प्रिंग फ्रेमवर्कची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये जावा ईई ६ बरोबर सीडीआय हे अधिकृत मानक आले.

संदेशवहनासाठी जावामध्ये १९९८ पासून जेएमएस हे मानक उपलब्ध होते. त्यासोबत वापरले जाणारे ‘मेसेज-ड्रिव्हन बीन’ कंटेनर स्वतः निर्माण करतो. त्यामुळे त्यास अवलंबित्वे मिळण्यात अडचण येत नाही. काफ्का व रॅबिटएमक्यू यांच्या मूळ जावा लायब्रऱ्या मात्र जेएमएसवर आधारित नाहीत. त्या कंटेनरविनाही चालाव्यात अशा बेताने लिहिलेल्या असून आपली ऑब्जेक्टे व थ्रेड त्या स्वतःच सांभाळतात.

समस्येचे प्रकार

• लायब्ररीने निर्माण केलेली ऑब्जेक्टे : काफ्कामध्ये संदेशाच्या बाइटांचे जावा ऑब्जेक्टात रूपांतर करणाऱ्या डिसिरिअलायझर क्लासचे नाव संरचनेत लिहिता येते. त्या नावावरून लायब्ररी स्वतःच ऑब्जेक्ट घडविते. त्यातील ‘@इंजेक्ट’ ही खूण वाचणारे तेथे कोणी नसल्याने ते फील्ड ‘नल’च राहते.

• न सापडणारे क्लास : बाहेरून आणलेल्या जार फाइलमधील क्लासवर सीडीआयच्या खुणा नसतात आणि बहुधा ‘बीन्स.एक्सएमएल’ फाइलही नसते. अशा क्लासची कंटेनर दखल घेत नाही व प्रणाली सुरू होतानाच अवलंबित्व न सापडल्याची त्रुटी दाखवितो.

• परका थ्रेड : रॅबिटएमक्यूची लायब्ररी संदेश आल्याची वर्दी आपल्या थ्रेडवर देते. त्या थ्रेडवर ‘रिक्वेस्ट स्कोप’ कार्यरत नसल्याने त्या स्कोपमधील ऑब्जेक्टाचा वापर करताच अपवाद उद्भवतो.

• नामावकाशातील बदल : २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने ‘जावाएक्स’ हा उपसर्ग बदलून ‘जकार्ता’ केला. जुन्या उपसर्गाने लिहिलेली इंजेक्टची खूण नव्या मानकानुसार चालणाऱ्या कंटेनरच्या लेखी अस्तित्वातच नसते. येथे त्रुटीचा संदेशही मिळत नाही. फील्ड केवळ रिकामे राहते.

परिणाम

जोडणीतील हा दोष संदेश गमावण्यापर्यंत जाऊ शकतो. रॅबिटएमक्यूमध्ये स्वयंचलित पोच निवडलेली असल्यास संदेश पाठविताच तो पोहोचला असे सर्व्हर मानतो. एखाद्या दुकानाच्या प्रणालीत मागणीचा संदेश आला आणि साठ्याची नोंद ठेवणारे ऑब्जेक्ट ‘नल’ निघाले, तर मागणी नोंदली जात नाही आणि संदेशही परत मिळत नाही. पोच आज्ञावलीतून, काम पूर्ण झाल्यावर देण्याची व्यवस्था असल्यास जोडणी तुटताच संदेश पुन्हा रांगेत जातो; परंतु दोष कायम असेपर्यंत प्रक्रिया दरवेळी त्याच ठिकाणी अडते.

युनिट चाचण्यांमध्ये हा दोष सहसा उघड होत नाही. तेथे अवलंबित्वे चाचणी लिहिणाराच हाताने पुरवितो. त्यामुळे कंटेनर व लायब्ररी यांच्यातील तुटलेला दुवा तपासलाच जात नाही.

उपाय

सीडीआयमध्ये ‘प्रोड्यूसर मेथड’ लिहून बाहेरच्या क्लासचे ऑब्जेक्ट कसे घडवायचे हे कंटेनरला सांगता येते, तर ‘डिस्पोजर मेथड’द्वारे काम संपल्यावर जोडणी बंद करता येते. काफ्काच्या ग्राहक-ऑब्जेक्टाच्या कन्स्ट्रक्टरला डिसिरिअलायझरच्या क्लासचे नाव देण्याऐवजी कंटेनरकडून मिळालेले तयार ऑब्जेक्ट देता येते. मात्र काफ्काचे हे ग्राहक-ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेक थ्रेडांनी वापरणे सुरक्षित नसल्याने ते सर्वांसाठी सामाईक ठेवू नये.

सीडीआय २.० पासून, म्हणजे २०१७ नंतर, प्रत्येक संदेशाच्या प्रक्रियेपुरता रिक्वेस्ट स्कोप आज्ञावलीतून सुरू करता येतो. स्प्रिंगसाठीच्या काफ्का प्रकल्पासारखे दुवे संदेश स्वीकारणारे ऑब्जेक्टच कंटेनरच्या ताब्यात ठेवतात. अवलंबित्वे फील्डऐवजी कन्स्ट्रक्टरमधून घेणे हीदेखील उपयुक्त सवय आहे. कारण तसे केल्यास अपुरे ऑब्जेक्ट निर्माणच होऊ शकत नाही आणि दोष पहिल्या संदेशाची वाट न पाहता ऑब्जेक्ट घडतानाच उघड होतो.